कुंडीतला कँडीटफ्ट फुलतच नाही, काय चुकतंय?

प्रश्न असा आहे: पुण्यात चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, जानेवारीत ट्रेमध्ये बी पेरलं, रोपं महिन्याने कुंडीत हलवली. ती लांबडी होऊन आडवी पडली, चार-दोन गुच्छ आले आणि मार्चमध्ये सगळं वाळलं. खत कमी पडलं का?

खताचा संबंध नाही. पेरणी अडीच महिने उशिरा झाली आणि रोपं हलवली, या दोन गोष्टी मुख्यतः नडल्या, शिवाय रोपांची दाटी.

कँडीटफ्ट हे मोहरी-मुळ्याच्या कुळातलं फुलझाड आहे. (नावातल्या कँडीचा मिठाईशी संबंध नाही. कँडिया हे क्रीट बेटाचं जुनं नाव, त्यावरून ते आलं.) मोहरीसारखंच याला थंडी हवी आणि मुळाला धक्का लागलेला चालत नाही. पेरल्यापासून फुलं यायला साधारण ६० ते ७५ दिवस लागतात. म्हणजे जानेवारीच्या पेरणीला कळी धरायच्या वेळी पुण्यात पारा ३५ च्या पुढे गेलेला असतो. मग झाड घाईघाईने चार फुलं काढतं, बी धरतं आणि संपतं.

पुणे-नाशिककडे दसरा झाला की पेरायला घ्या, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालेल. खूण एकच: रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरायला लागलेलं असावं. मुंबई-कोकणात ते उशिरा उतरतं, म्हणून तिथे नोव्हेंबरअखेर, आणि बहरही थोडक्यात आटोपतो. सप्टेंबरात घाई करू नका. परतीच्या पावसाच्या दमट हवेत कोवळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. ती मर बुरशीची असते. एकदा लागली की औषधापेक्षा नवी माती घेऊन पुन्हा पेरणं स्वस्त पडतं.

बी घेताना पाकीट नीट वाचा. आपल्याकडे हंगामी दोन प्रकार चालतात. उंबेलाटा बुटका, साधारण फूटभर, पांढऱ्यापासून गुलाबी-जांभळ्यापर्यंत रंगांचा. अमारा पांढरा, त्याचा तुरा उभा वाढतो आणि त्याला वास असतो. कुंडीला उंबेलाटा बरा. पाकिटावर सेम्परव्हिरेन्स लिहिलं असेल तर ठेवून द्या. तो बहुवर्षीय आहे, त्याला कळ्या धरायला कडक हिवाळा लागतो. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो टिकवणं म्हणजे नसती उठाठेव.

१० इंची कुंडी घ्या, खाली भोकं मोकळी हवीत. चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, दोन भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि या झाडाला ती मानवत नाही. तिथे कुंडीमागे दोन चहाचे चमचे शेतीचा चुना पेरणीच्या दोन आठवडे आधी मातीत मिसळा. पानाला लावायचा चुना मात्र घालू नका, तो फार तिखट पडतो.

बी थेट कुंडीतच पेरा. १०-१२ दाणे कोरड्या वाळूत मिसळून पसरा, वर जेमतेम ३-४ मिलिमीटर माती आणि पाणी स्प्रेने. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं. पहिल्या दोन बीजपानांनंतर चार खरी पानं आली की कुंडीत चार-पाच रोपं ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापा. उपटलीत तर शेजाऱ्याची मुळंही सैल होतात. विरळणी करताना जीव तुटतो, पण दाटीतली रोपंच लांबडी होतात, तुमची झाली तशी. ट्रेमध्येच पेरायचं असेल तर कागदी कपात एकेक बी टाका आणि कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट लावा.

उंबेलाटाचं रोप चार इंचांचं झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात. अमाराचा शेंडा खुडू नका, त्याचा मुख्य तुराच जातो.

ऊन पाच-सहा तास लागतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी तेव्हा उत्तम. तुमची उत्तरेला असेल तर हे झाड सोडून द्या. पाणी मात्र बोटाच्या एका पेरापर्यंत माती कोरडी लागली की सकाळी द्या आणि ताटलीत साचलेलं ओता. विरळणीनंतर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, एवढंच. जास्त नत्राने नुसता पाला माजतो.

कोबीही याच कुळातला, म्हणून कीडही कोबीचीच. मावा कळ्यांच्या गुच्छाच्या आत, देठांच्या बेचक्यात बसतो, वरून दिसत नाही. गुच्छ उलटा करून बघा. आधी पाण्याचा फवारा. तरी राहिला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. उमललेल्या फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात. पानावर पारदर्शक खिडकीसारखे ठिपके दिसले तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. हात लावला की वळवळून धाग्याला लोंबकळते, तशीच वेचून टाका. या मातीत पुढच्या वर्षी मोहरी, मुळा किंवा कँडीटफ्ट पुन्हा लावू नका.

गुच्छ जवळून पाहिलात तर प्रत्येक फुलाच्या चार पाकळ्यांपैकी बाहेरच्या दोन मोठ्या आणि आतल्या दोन छोट्या दिसतील. बाहेरची फुलं गळून चपट्या हिरव्या शेंगा दिसायला लागल्या की बी धरायला सुरुवात झाली. तेव्हा वरचा एक तृतीयांश भाग छाटा. थंडी शिल्लक असेल तर पुन्हा बहर येतो. बी हवं असेल तर एकाच झाडाच्या शेंगा पिवळ्या-तपकिरी होईपर्यंत ठेवा. रंग सरमिसळ होतील, कारण फुलं आपापसात फळतात.

यंदा एकाऐवजी तीन कुंड्या पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. पहिली डिसेंबरअखेर फुलेल, शेवटची जानेवारीअखेर.