गोलार्धात की गोलार्धांत?

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सहावीतल्या मुलाने भूगोलाच्या पेपरात लिहिलं, ‘आफ्रिका खंड उत्तर व दक्षिण गोलार्धात आहे.’ बाईंनी ‘र्धा’वर लाल पेनाने टिंब दिलं आणि अर्धा गुण कापला. टिंब हवंच का? शिवाय घरातल्या हिंदी पुस्तकात ‘महाद्वीप’ असतं, शाळेच्या पुस्तकात ‘खंड’. मराठीत काय लिहायचं?

ताई, टिंब हवं, पण गुण कापायला नको होता. अनेकवचनी सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यावर, अनुस्वार द्यावा, हा मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांतला नियम. आपल्याच गावाचं नाव घ्या. ‘मी ठाण्यात राहते’ यात टिंब नाही, शहर एकच आहे. ‘शहरातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत’ म्हटलं की टिंब आलं, कारण ठाणी अनेक. तसंच एका गोलार्धात, दोन्ही गोलार्धांत. मुलाच्या वाक्यात मात्र ‘उत्तर गोलार्धात व दक्षिण गोलार्धात’ असा अर्थ घेऊन एकवचन मानता येतं. बोलताना आपण असा शब्द गाळतोच. म्हणून त्याला मी चूक म्हणणार नाही. पण ‘दोन्ही’ किंवा ‘चारही’ लिहिलं की सुटका नाही.

मला या टिंबाचं फार अप्रूप वाटतं, कारण ते कुठे द्यायचं हे व्याकरण एकटं सांगू शकत नाही, पृथ्वीगोल हातात घ्यावा लागतो. आफ्रिकेवर बोट ठेवा. विषुववृत्त गॅबन, काँगो, युगांडा, केनिया ओलांडत जातं आणि पूर्व-पश्चिम गोलार्ध वेगळे करणारं मूळ रेखावृत्त घानातल्या तेमा बंदरावरून जातं. म्हणजे आफ्रिका चारही गोलार्धांत. युरोप सगळा उत्तर गोलार्धात, इथे टिंब नाही. पण मूळ रेखावृत्त इंग्लंड, फ्रान्स, स्पेनमधून जातं, म्हणून तोच युरोप पूर्व व पश्चिम गोलार्धांत. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात. त्याच्या नावातच लॅटिनमधली दक्षिण दिशा बसली आहे. अंटार्क्टिकाही दक्षिण गोलार्धात, पण दक्षिण ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात, तेव्हा पूर्व-पश्चिम बघितलं तर तिथेही टिंब. आशियाचं उत्तर थोडं जपून द्यावं. त्याची मुख्य भूमी विषुववृत्ताच्या उत्तरेलाच संपते, पण सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी या बेटांना विषुववृत्त छेदून जातं आणि जावा तर पूर्ण दक्षिणेला आहे. बेटं धरली की टिंब द्यायचं.

मुलं खरी फसतात ती ‘दक्षिण अमेरिका’ लिहिताना. नावात दक्षिण आहे म्हणून ‘दक्षिण गोलार्धात’ लिहून मोकळी होतात. पण ते ‘दक्षिण’ उत्तर अमेरिकेच्या मानाने आहे, विषुववृत्ताच्या मानाने नाही. व्हेनेझुएला, गयाना, सुरीनाम हे देश पूर्णपणे उत्तर गोलार्धात आहेत, आणि इक्वेडोर या नावाचा अर्थच विषुववृत्त. आपली दख्खनही ‘दक्षिण’वरूनच आली, आणि ती सगळीच्या सगळी उत्तर गोलार्धात आहे. दिशेचा शब्द कुणाच्या मानाने वापरला आहे, हे मुलाला एकदा नकाशावर दाखवा.

जाता जाता, ‘उत्तर गोलार्ध’ आखूड करून ‘पृथ्वीचा उत्तरार्ध’ लिहू देऊ नका. उत्तरार्धातलं ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं; उत्तरार्ध सामन्याचा असतो, आयुष्याचा असतो. आणि ‘गोलार्द्ध’ हे जोडाक्षर हिंदीत दिसतं. मराठीत आपण अर्धा, वर्धापन लिहितो तसंच गोलार्ध.

आता खंड आणि महाद्वीप. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो आठवा : ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे’. इथे द्वीप मोठं आहे आणि खंड त्याचा तुकडा. खंड म्हणजे मुळात तुकडाच. ग्रंथाचे खंड, खंडित वीज, अखंड सप्ताह, सगळीकडे तोच अर्थ. हिंदीने मोठेपणा द्वीपाकडे ठेवला आणि ‘महाद्वीप’ केलं. मराठीत उलटं झालं. खंड मोठं झालं, त्याच्या भागाला आपण उपखंड म्हणू लागलो, आणि द्वीप उरलं द्वीपकल्प, द्वीपसमूह अशा शब्दांत. एरवी आपल्या तोंडी बेटच असतं. घारापुरीला कुणी द्वीप म्हणताना मी ऐकलेलं नाही.

‘महाद्वीप’ अशुद्ध नाही, पण मराठी उत्तरपत्रिकेत ‘खंड’च लिहावं, आणि ते नपुंसकलिंगी : ते खंड, सात खंडं. आणि मुलाला टिंबाचा सराव द्यायचाच असेल तर कळव्याहून ठाण्याला येताना गाडी खाडीच्या पुलावर आली की द्या. कळवा मुख्य भूमीवर, ठाणे स्टेशन साष्टी बेटावर, महापालिका मात्र एकच. ती खाडीच्या एका तीरावर आहे की दोन्ही तीरांवर, हे त्याला वहीत लिहायला सांगा.