काळी सातात, पिवळी चारात

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नमुना पुन्हा पुन्हा ऐकला, कथेची टिपणंही वाचली. मारबतीवर सलग अल्बम करावा हे तुला सुचलं, याचा मला मनापासून आनंद झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळं नागपूर आपली इडापिडा एका पुतळीच्या अंगावर टाकतं, तिला वाजतगाजत मिरवतं, जाळून टाकतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी पुतळी बांधायला बसतं. प्रोग्रेसिव्ह रॉकला असा विषय शोभतो, कारण त्यात गती आहे, गर्दी आहे, आणि जे जाळलं ते परत येतंच ही खंतही आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुझी कथा टिपण वाचल्यावर कळते, ऐकताना कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे लिहिलेलं सारं त्याच्याच पोटातलं समज. कन्सेप्ट अल्बमची, म्हणजे एकाच कल्पनेवर बांधलेल्या अल्बमची, संकल्पना कानाला कळली पाहिजे. कुठली धून कुठे परत आली, कुठला ताल कुठे मोडला, कुठे आवाज अचानक मोकळा झाला, यावरून ऐकणाऱ्याला उमगलं पाहिजे की आपण कुठून कुठे आलो.

जेनेसिस या बँडचा 1974 चा 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' घे. गायक पीटर गॅब्रिएल यांनी त्याच्या कव्हरवर लांबलचक कथा छापली होती. ती वाचूनही कथेचा नायक रायेल याचं नेमकं काय झालं याचा उलगडा पूर्ण होत नाही, आणि तरी अल्बम टिकला तो त्यातल्या संगीतावर. उलट पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये कथा अशी नाहीच. पैसा, वेळ, मृत्यू, वेड लागणं हे माणसाला दाबणारे विषय आहेत, आणि सुरुवातीला व शेवटी हृदयाचे ठोके. त्या ठोक्यांनी जे बांधलं, ते चार पानांच्या टिपणानेही बांधलं गेलं नसतं.

म्हणून आधी काटछाट. तुझ्या टिपणात प्रत्येक बडग्याचं, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या खिल्ली उडवणाऱ्या पुतळ्याचं, एक गाणं आहे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, मग तिसरा, मग चौथा. रस्त्यावर ते शोभतात, कारण डोळ्यांसमोरून एकामागून एक जातात आणि आपण हसत-ओरडत उभे असतो. अल्बममध्ये त्यांची नुसती यादी होते. सगळ्या बडग्यांना मिळून एकच तुकडा दे, दोन-अडीच मिनिटांचा, धावता, आवाजावर आवाज चढलेला. नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसले इंग्रजांना मिळाल्या म्हणून काळी मारबत निघाली, ही आख्यायिका तू निवेदकाच्या तोंडी नऊ मिनिटं घातली आहेस. ती पूर्ण काढ. नागपूरकराला ती ठाऊक असते, बाहेरच्याला तिची गरज नाही. 2080 सालचं नागपूरही नको. आजच्या इतवारीत, महालात जे आहे तेच पुरून उरतं.

लांबीही आवर. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण 20 ते 22 मिनिटं मावत, आणि त्या काळातले चांगले अल्बम त्या मर्यादेतच घडले. तुला तबकडी काढायची नसली तरी दोन बाजूंचा हिशेब धर. पहिली बाजू पुतळी बांधण्यापासून काळी आणि पिवळी या दोन्ही मारबती भेटेपर्यंत, दुसरी भेटीपासून राखेपर्यंत. येस या बँडने 1973 मध्ये 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' चार बाजूंवर पसरला. त्याचं बीज परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत होतं. बीज उत्तम, पण कीबोर्डवादक रिक वेकमन यांनाच त्यात बरंच भरताड वाटलं आणि 1974 मध्ये ते बँडमधून बाहेर पडले. सत्तर मिनिटांचा माल आहे म्हणून सत्तर मिनिटांचा अल्बम करायचा नसतो.

आता मला ज्यावर खरं बोलायचं आहे तिकडे येतो. तुझ्या नमुन्यात मधेच एक सात मात्रांची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा तुकडा, येते, ती ऐकून मी ताठ बसलो. तू ती एका गाण्यात वापरून सोडून दिलीस. तीच तुझी काळी मारबत आहे! तिला सातात ठेव आणि पिवळीला चारात. दोघी वेगवेगळ्या वस्तीतून निघतात आणि इतवारीत भेटतात, हे शब्दांत सांगूच नकोस. डाव्या बाजूने सात, उजव्या बाजूने चार, दोन्हींची मात्रा एकच. साताची चार आवर्तनं म्हणजे 28, चाराची सात आवर्तनं म्हणजेही 28. दर 28 मात्रांनी दोघी एकदा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकत्र येतात आणि पुन्हा सुटतात. लय मिनिटाला 112 ठेवलीस तर ही भेट बरोबर 15 सेकंदांनी होते. आधी या भेटी लपव, दुसरं काहीतरी पुढे आण. मग हळूहळू दोन्ही बाजू मधे सरकव. शेवटच्या भेटीला सगळे एकत्र येऊ देत. ऐकणाऱ्याला गणित कळायची गरज नाही, त्याच्या अंगाला कळतं की काहीतरी जवळ येऊन राहिलं आहे.

सातात एक गंमत आणखी आहे, आणि ती आपल्या घरचीच आहे. रूपक तालात समेवरच खाली असते, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांना डग्गा गप्प, घुमारा चौथीपासून. तुझा ड्रमर सातातही पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मारतो, त्याच्या पायाला चाराची सवय आहे. त्याला सांग, काळीच्या संपूर्ण भागात पहिली मात्रा रिकामी सोडायची. बेसनेही. जमीन पायाखाली आहे पण पाऊल पडत नाही, अशी ती चाल वाटेल. मग दोघींच्या शेवटच्या भेटीच्या क्षणी पहिल्या मात्रेवर पहिल्यांदा किक, बेस आणि ढोल एकदम. त्या एका ठोक्यासाठी पहिल्या बाजूची 20 मिनिटं राखून ठेवायची. फ्लॉइडच्या 'मनी'मध्ये नाण्यांच्या, गल्ल्याच्या आवाजांचं चक्र सातात फिरतं आणि गिटारचं सोलो आलं की सगळे चारात येतात. तिथे ऐकणारा कसा सैलावतो ते एकदा नीट ऐक. तुला नेमकं तेच हवं आहे, फक्त उशिरा.

शब्दांबद्दल. इंग्रजी रॉकच्या चालीवर मराठी ओळी बसवताना तू शब्द ताणून राहिली आहेस. त्यापेक्षा अभंगाकडे जा. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. हे मी तुझ्यासाठी सहज जुळवलं आहे, आवडलं तर ठेव, नाहीतर टाक:

जाळली पुतळी
राख झाली सारी
पुन्हा आली दारी
इडापिडा

आता हे सात मात्रांवर म्हणून बघ. जा-ळ-ली, पु-त, ळी आणि एक मात्रा मोकळी. प्रत्येक चरणाला श्वासाची जागा आपोआप मिळते. चौथ्या चरणात 'इडापिडा' चार मात्रांत संपतं आणि तीन मात्रा उरतात, तिथे रिफने उत्तर द्यायचं. शब्द आणि वाद्य यांची अशी वाटणी रॉकवाले मुद्दाम बांधतात, आपल्याला ती संतांनी बांधून दिलेली आहे. फक्त गाताना प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं. बोलताना 'राख'मधला ख अर्धा होतो, गाताना झाला की एक अक्षर कमी पडतं आणि गाणारी पुढे पळते.

मुख्य धून कुठून आणायची असं तू विचारलं होतंस. 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी लोक कशी देतात ते ऐक. कुठे आवाज चढतो, कुठे 'गे' लांबतं. त्या चढउताराचेच स्वर धर. पहिल्यांदा ती धून कीबोर्डवर एकटी, अगदी संथ. बडग्यांच्या तुकड्यात तिचे तुकडे. भेटीला पूर्ण. आणि दहनानंतर तिचे पहिले दोन स्वर, बस. तिसऱ्याची वाट पाहत राहू दे ऐकणाऱ्याला.

यंदा मिरवणुकीत रेकॉर्डर घेऊन जा, पण गर्दीच्या मधोमध नको. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं मानतात, आणि इतवारीतल्या अरुंद गल्ल्या त्याहून जुन्या वाटतात. अशाच एखाद्या गल्लीत, मुख्य रस्त्यापासून एक वळण आत उभी राहा. मिरवणूक दिसायच्या आधी फक्त ढोलाचा घुमारा येतो, बंद दुकानांची शटरं थरथरतात, ताशाचा पत्ताच नसतो. खर्जातले आवाज कोपरा वळून येतात, वरचे भिंतीला अडतात. मग मिरवणूक कोपऱ्यावर येते आणि ताशा एकदम कानात घुसतो, जणू कुणी दार उघडलं. तुझ्या पहिल्या बाजूची सगळी मांडणी यात आहे. बँड आधी भिंतीपलीकडून वाजू दे, नुसता बेस आणि ढोल, वरचं सगळं कापलेलं. कोपरा कधी वळायचा हे तू ठरव. रेकॉर्डिंगची पातळी खूप खाली ठेव, सर्वांत मोठा आवाजसुद्धा उणे 12 डेसिबलच्या वर जायला नको, ताशा जवळ आला की तो काही ऐकत नाही. आणि पावसाचे दिवस असतात, रेकॉर्डरला पिशवी बांधून ने.

त्याच दिवशी एक काम आणखी करता येईल. 'डार्क साइड'च्या वेळी पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना दाखवले होते, त्यात दरवान होते, बँडचं सामान वाहणारे होते. त्यांची उत्तरं त्या अल्बमभर पेरलेली आहेत. पॉल मॅकार्टनी यांनाही विचारलं होतं, पण त्यांची सावध उत्तरं वापरली नाहीत. तू एकच प्रश्न विचार: यंदा मारबतीसोबत काय पाठवाल? फुगेवाल्याला, पोह्यावर तर्री घालणाऱ्याला, नंदीबैल घेऊन उभ्या पोराच्या आजीला. आवाज वापरण्याची परवानगी तिथेच विचारून घे. राजकारणावर भाषण देणारे बरेच भेटतील, त्यांना ऐकून घे पण अल्बममध्ये ज्याचा आवाज उत्तर देताना जरा अडखळला तोच ठेव.

रेकॉर्डिंगच्या आधी सगळं सलग वाजवा, लोकांसमोर. 'डार्क साइड' मार्च 1973 मध्ये आला, पण ते लोक 1972 च्या सुरुवातीपासूनच तो मंचावर सलग वाजवत होते, स्टुडिओत नंतर गेले. कॉलेजच्या हॉलमध्ये, कुणाच्या गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे. गाण्यांच्या मधे थांबायचं नाही, बोलायचं नाही. सांधे कुठे निखळतात ते अशा वेळीच कळतं. लोक मोबाइल कुठे काढतात ते ड्रमरपेक्षा तुझ्या मैत्रिणीला पाहायला सांग. आणि दुसऱ्या बाजूला एखादं गाणं कथेबाहेरचं राहिलं तर जीव टाकू नकोस. रश या बँडच्या '2112' मध्ये 1976 साली पहिली बाजू सलग 20 मिनिटांची कथा होती आणि दुसरीवर वेगळी गाणी, कुणाचं काही बिघडलं नाही.

तुझ्या गायनाखाली कूलरची घरघर आहे. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद कर म्हणणं सोपं नाही हे जाणतो, पण कूलर चालू असताना माइक उघडायचा नाही. रात्री उशिरा, खोली आधी थंड करून, मग सगळं बंद करून गायचं. ढोलकी आणि ढोल एकाच आठवड्यात उरकून घ्या. इथल्या कोरड्या उन्हात चामडं ताणून सूर चढतो आणि पावसाळा लागला की उतरतो, दोन ऋतूंतले तुकडे एकमेकांना जोडले जात नाहीत.

आता मिक्स, मुखपृष्ठ, नाव यांतलं काहीच नको. पहिल्या बाजूचा सलग आराखडा पाठव, फोनवर ध्वनिमुद्रित केलेला चालेल, शब्दांच्या जागी ला-ला चालेल. मला फक्त 28 मात्रा संपल्यावर पडणारा शेवटच्या भेटीचा ठोका ऐकायचा आहे, आणि त्याच्या आधी पहिली मात्रा खरंच रिकामी राहिली का ते.

तुझा,
काका

ता. क. मास्टरिंग करताना प्रत्येक बाजू एका सलग फाइलवरच करा, ट्रॅक नंतर कापा. आणि पाठवताना वेव्ह फाइलच पाठवा. एमपीथ्रीच्या टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि दोन गाण्यांच्या सांध्यावर ती टचकन ऐकू येते.