ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरच्या उत्तराचा हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) दिसतो, स्क्रिप्टमध्ये मात्र नल, म्हणजे रिकामं, येतो. विनंती पाठवायला फेच सोडून ॲक्सिओस ही लायब्ररी घेऊ का?

नको. लायब्ररी बदलून काडीचा फरक पडणार नाही. गाळणी ब्राउझरची आहे.

देवगड हापूसच्या ऑर्डरींची यादी वेगळ्या सबडोमेनवरून येते आणि एकूण आकडा एक्स-टोटल-काउंटमध्ये असतो, असं तुम्ही लिहिलंय. सबडोमेन वेगळं म्हणजे ओरिजिन, ब्राउझरच्या लेखी मूळ पत्ता, वेगळं. मग स्क्रिप्टला आपसूक सातच हेडर मिळतात: कॅश-कंट्रोल, कंटेंट-लँग्वेज, कंटेंट-लेंग्थ, कंटेंट-टाइप, एक्स्पायर्स, लास्ट-मॉडिफाइड, प्रॅग्मा. बाकीच्यांची नावं सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-एक्सपोज-हेडर्समध्ये द्यायला हवीत, तीही खऱ्या उत्तरावर. ब्राउझर आधी परवानगी विचारायला जी ऑप्शन्स विनंती पाठवतो, तिच्या उत्तरावर देऊन उपयोग नाही.

'कर्ल मारून (कमांड लाइनवरून विनंती पाठवून) बघ, येतोय की' हे बॅकएंडवाल्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं. कर्लला कॉर्सशी, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनच्या उत्तरांवरच्या ब्राउझरच्या या नियमांशी, देणंघेणंच नाही, त्याला सगळं दिसणारच. मालवणच्या एका होमस्टे बुकिंगच्या साइटवर ऐन मे महिन्यात यावरूनच जुंपली होती. एक्सपोजची ओळ ॲपच्या पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲड-हेडरने घातलेली, उत्तर वाचायची परवानगी देणारं अलाऊ-ओरिजिन मात्र ॲपमधून येणारं. २०० वर सगळं सुरळीत. ४२९ (विनंत्या फार झाल्या) आला की किती वेळाने परत यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर नल! कारण ॲड-हेडर २००, २०४, ३०१, ३०४ अशा ठरावीक कोडांनाच लागतो. चुकीच्या उत्तरांवरही हवा तर ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' लिहावं लागतं. स्क्रिप्टमध्ये त्या नलचं नंबर फंक्शनने शून्य झालं, ठरावीक वेळ थांबवणाऱ्या सेट-टाइमआउटला शून्य मिळालं आणि 'जरा थांबा' म्हणणाऱ्या सर्व्हरवर ब्राउझर थांबायचं सोडून विनंत्यांचा मारा करत राहिला. दोष फ्रंटएंडचा, असं मीटिंगमध्ये ठरलं. नल तपासायलाच हवा होता, मान्य. पण हेडर अडवून ठेवला होता कोणी?

रिट्राय-आफ्टरमध्ये सेकंदांऐवजी तारीखही येऊ शकते. तिचं नंबरने नॅन ('हा आकडा नाही') होतं आणि सेट-टाइमआउट त्यालाही शून्यच धरतो.

'ऑलवेज' लावूनही हेडर गायब असेल तर एनजिनएक्सच्या कॉन्फिगमधला त्या पत्त्याचा लोकेशन ब्लॉक उघडून बघा. तिथे कोणी दुसरा एखादा ॲड-हेडर घातला असेल, तर वरच्या पातळीवरचे सगळे ॲड-हेडर तिथे लागू होत नाहीत. पुन्हा लिहावे लागतात.

कुकीसकट विनंती पाठवत असाल तर एक्सपोजमध्ये नुसती फुली (*) चालणार नाही, नावंच लिहा. फेचचा मोड नो-कॉर्स करा असा सल्ला कोणी देईल. त्याने कन्सोलमधली एररची लाल ओळ जाते, पण हेडर रिकामे आणि स्टेटस शून्य.

खरं तर एकूण आकडा उत्तराच्या जेसनमध्येच, म्हणजे यादीसोबत, द्यायला बॅकएंडवाल्यांना सांगा. एकूण संख्या हा डेटा आहे, हेडरमध्ये कोंबायची गरज काय? ते ऐकत नसतील तर एपीआय एनजिनएक्समधून तुमच्याच डोमेनखाली प्रॉक्सी करा, म्हणजे ओरिजिन एकच होऊन एक्सपोजचा प्रश्नच उरत नाही. सेट-कुकी मात्र स्क्रिप्टला तिथेही वाचता येणार नाही.