पंचनामा जागेवरच लिही

पोरी,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. पंच फितूर झाला, आरोपी सुटला, आणि आता तू म्हणतेस काका तपास करून उपयोग काय, ट्रॅफिकला बदली मागते. मागू नको. आधी मला सांग, पंचनामा कुठे बसून लिहिलास, जागेवर की स्टेशनला येऊन? मेसेजमधे सगळं लिहिलंस, तेवढंच लिहिलं नाहीस.

मी स्टेशनला लिहिला होता. खुनाचा तपास आणि डोक्यावर गणपतीचा बंदोबस्त, मिरवणुकीच्या पॉइंटवरून मला तासाभरासाठी सोडलं, मी जागा बघितली, रायटरला, म्हणजे स्टेशनात लिखापढी करणाऱ्याला, तोंडी सांगितलं आणि परत पॉइंटवर. त्याने रात्री बसून चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते, लिहिल्या, आणि नेहमीचा पंच म्हणजे गेटसमोरचा टपरीवाला, त्याची सही घेतली. कोर्टात समोरच्या वकिलाने मला एवढंच विचारलं, साहेब, उत्तरेला विहीर लिहिलीय, ती उत्तरेलाच आहे का? विहीर दक्षिणेला होती. पुढे पंच म्हणाला मी त्या जागी गेलोच नव्हतो, आणि ते खरंच होतं गं, त्याला फितूर कुठल्या तोंडाने म्हणू? मयताची आई मागच्या बाकावर होती. निकाल लागल्यावर तिने मला काहीच विचारलं नाही, नुसती पिशवी उचलून निघाली.

माझ्याकडे तेव्हा तीसच्या वर तपास होते. सुप्रीम कोर्टाने 2006 लाच प्रकाश सिंग केसमधे सांगितलंय की तपास आणि बंदोबस्त वेगळे करायला सुरुवात करा, तरी सण आला, मोर्चा आला, मंत्री आले की तपास अंमलदारच रस्त्यावर उभा. लॅबचा सीए, म्हणजे रासायनिक तपासणीचा रिपोर्ट येता येत नाही आणि दोषारोपपत्राचे 60 नाहीतर 90 दिवस काही थांबत नाहीत, मुदत गेली की आरोपीला जामिनाचा हक्कच. हे सगळं खरं आहे, सबब म्हणून सांगत नाहीये, माझ्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय. पण विहिरीची दिशा काय बंदोबस्ताने चुकवली का? पंचनामा जागेवर लिहायचा म्हणजे जागेवरच, पंच तिथला, सही तिथेच, सील तिथेच.

आता 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं शूटिंग सक्तीचंय, म्हणून मोबाईलवर काढलं की सुटलो असं समजू नको. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसतो, ते त्याच दिवशी ताब्यात घे, कॉपी घेतलीस तर सर्टिफिकेटही घे. त्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 बी वरून, जालन्याच्या निवडणुकीची केस 2020 ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, आता नव्या कायद्यात ते कलम 63 झालंय, सर्टिफिकेट काही सुटलेलं नाही. किती वेळा सांगायचं तुम्हा पोरांना!

आणि अर्ध्यातून बंदोबस्ताला बोलावलं तर स्टेशन डायरीला तशी नोंद घाल, वेळेसकट. साहेब ओरडतील. ओरडू दे. मी नाही घातली, तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही.

सरकारी वकिलांना भेटून अपिलाचं विचार, मुदत जाऊ देऊ नको. रविवारी जेवायलाच ये, येताना त्या पंचनाम्याची झेरॉक्स आण, एकेक ओळ वाचू.

काका