इंग्लंडमधल्या कालव्यावरची 1980 च्या दशकातली जुनी नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) घेतोय. सेफ्टी सर्टिफिकेट आहे, त्याची अजून दोन वर्षं बाकी आहेत, तरी वायरिंग वेगळं तपासून घ्यावं का?

घ्याच. बोट 1980 च्या दशकातली आणि सर्टिफिकेटची अजून दोन वर्षं बाकी, असं तुम्ही लिहिलंय. ते चार वर्षांचं असतं, म्हणजे तपासणी होऊनही दोन वर्षं उलटली. मधल्या काळात मालकाने सोलर चढवलं किंवा इन्व्हर्टर जोडला असेल, तर त्या कागदाला त्याचा पत्ताही नाही.

शिवाय हे सर्टिफिकेट ज्या बोट सेफ्टी स्कीमखाली मिळतं, तिचा भर आग, स्फोट आणि प्रदूषण टाळण्यावर आहे. तपासनीस दिसतं तेवढं बघतो, लाकडी पॅनेलं उचकटत नाही. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या लायसन्सला हे सर्टिफिकेट लागतं, पण त्याला वायरिंगची हमी समजू नका.

मी बोटींचं वायरिंग करतो. त्या काळातल्या बोटीत शिरलो की आधी थर्माकोल शोधतो. थंडीसाठी भिंतीत तो सर्रास भरत आणि साधी पीव्हीसी वायर त्यातूनच नेत. दोन्ही एकमेकांना लागून राहिले की वायरीतला मऊपणा देणारा द्रव थर्माकोलमध्ये उतरतो. कपाटामागची फळी काढून बघा: थर्माकोल विरघळून खाच पडलेली, वायर चिकट, किंवा वाळून इतकी कडक की वाकवली तर वरचं आवरण तडकतं. असं दिसलं तर तेवढा तुकडा बदलून भागत नाही, ती पूर्ण लाइन नवी ओढावी लागते. घरात वापरतात ती एकाच जाड तारेची वायरही बोटीत नको. इंजिनाच्या थरथरीने ती जोडाशी तुटते. बहुतारीच हवी.

फ्रिज चालू करून फ्रिजपाशीच मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा. बॅटरी मागे, फ्रिज पुढे, मध्ये 15 मीटर अंतर आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर असेल, तर 5 अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे 1.1 व्होल्ट वाटेतच जातात. 12 व्होल्टच्या बोटीत हा फार मोठा फटका आहे. ‘बॅटऱ्या गेल्यात’ म्हणून नव्या घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा खरा रोग हाच असतो.

बॅटऱ्या घट्ट बांधलेल्या, टर्मिनल झाकलेले आणि मेन स्विच चटकन हाताला येईल असा हवा. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) लाइन त्या स्विचला वळसा घालून गेली तरी चालते, पण तिला स्वतःचा फ्यूज पाहिजे.

230 व्होल्टला मात्र स्वतः हात लावू नका. किनाऱ्यावरून घेतलेली विजेची लाइन आणि इन्व्हर्टर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच आहे का, करंट गळला की वीज तोडणारा आरसीडी ठरलेल्या वेळात उडतो का, अर्थिंग लोखंडी हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) जोडलंय का, हे बोटींचा अनुभव असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थच्या तारेतून येणारा, पत्रा गंजवणारा बारीक करंट अडवणारं उपकरण) नसेल आणि बोट कायम किनाऱ्याच्या विजेवर असेल, तर हलचा पत्रा खाल्ला गेल्याची शंका धरा. त्यासाठी सर्व्हेयर वेगळा लागतो, आणि बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

विसार देण्याआधी ‘इलेक्ट्रिकल तपासणी आणि हल सर्व्हे समाधानकारक आला तरच सौदा’ असं मालकाकडून लेखी घ्या. फळ्या उघडायची परवानगीही त्यातच लिहून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियन येऊन नुसते दिवे लावून-विझवून जाईल.