बहिणीने आणलेली बाटली

"मॅडम, नुसतं खाणं सांभाळून वजन काही उतरत नाही हो, एखादी गोळी घेतली तर चालेल का?" मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून चार-पाचदा तरी येतोच, आणि खरं सांगू का, विचारणाऱ्या निम्म्या जणींनी गोळी आधीच सुरू केलेली असते, माझ्याकडून फक्त 'हो' ऐकायचं असतं.

तशाच एक ताई आल्या होत्या, कोल्हापूरच्या, वय अडतीस, बँकेत कॅश काउंटरला (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). पर्समधून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली, अमेरिकेतल्या बहिणीने आणलेली, ओर्लिस्टॅट 60 मिलिग्रॅम, वजन उतरवायची गोळी. तिकडे हा डोस 2007 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, त्यामुळे दुकानात सहज मिळतंय म्हणजे निर्धोकच असणार असा ताईंचा हिशोब. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, रविवारी मिसळ खाल्ली, वर दोनदा कट मागून घेतला, आणि सोमवारी काउंटरवर बसल्या बसल्या... साडीला पिवळं तेल. रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या.

मी म्हटलं, ताई, गोळीने तिचं काम अगदी चोख केलंय! ही गोळी भूक मारत नाही, चरबी 'जाळत' पण नाही. आतड्यात तेल-तूप पचवणारं जे एन्झाइम असतं ते अडवते, 60 च्या डोसला खाल्लेल्या फॅटमधला साधारण पाव भाग न पचता बाहेर पडतो. आता तो बाहेर कसा पडणार ते मिसळीने दाखवलंच. म्हणून जेवणात तेल बेताचं हवं, आणि ज्या जेवणात फॅटच नाही तिथे गोळी घ्यायचीच नाही.

मग मी कागदावर त्यांचा दिवस लिहायला घेतला. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा 5 ग्रॅम धरला तरी नुसत्या साखरेच्या 240 कॅलरी. दिवसभरात समजा 40 ग्रॅम तेल-तूप पोटात गेलं, गोळीने त्यातलं 10 ग्रॅम अडवलं, म्हणजे वाचल्या 90. साखरेला ती हातच लावत नाही. त्या कागदाकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चहा सोडला असता तर..." सोडू नका म्हटलं, तीन करा, साखर एक चमचा.

पण माझी खरी धास्ती वेगळीच होती. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी आणि अर्ध्या तासाने नाश्त्याबरोबर ही, असं त्यांचं तीन आठवडे चाललेलं, डॉक्टरांना पत्ताच नाही. ओर्लिस्टॅटमुळे थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही, दोन्हीत किमान चार तास हवेत. आधी फोन लावायला लावला डॉक्टरांना, माझ्यासमोरच. ते म्हणाले चालू ठेवायला हरकत नाही, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. मग असं ठरलं, सहाला थायरॉईड, ही गोळी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत, आणि झोपताना मल्टिव्हिटॅमिन, कारण ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं फॅटसोबतच वाहून जातात, म्हणून तीही जेवणानंतर दोन तासांनी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि दिवस गेलेले असताना किंवा अंगावर पाजत असताना तर नाहीच.

जाता जाता पर्समधून अजून एक पुडी निघाली, जिममधल्या मैत्रिणीने दिलेली, "पूर्ण हर्बल आहे हो". ना घटक लिहिलेले, ना लायसन्स नंबर. ती मात्र मी तिथेच कचऱ्यात टाकायला लावली. सिबुट्रामिन नावाचं वजन कमी करायचं औषध हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे 2010 मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून गेलं, 2011 मध्ये आपल्याकडे बंदी आली, तरी असल्या 'हर्बल' मालात ते अजून मिसळलेलं सापडतं. तेल बाहेर पडलेलं निदान कळतं तरी, हे कळत पण नाही.

बारा आठवड्यांत वजन हललं नाही तर गोळी बंद, असं आम्ही पहिल्याच दिवशी बोललो होतो. साडेतीन किलो उतरलं, टीएसएच पण जागेवर आलं. दहाव्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "मॅडम, आता घरच्या जेवणात तेल इतकं कमी झालंय, गोळी अडवणार काय?" बाटलीत निम्म्या गोळ्या उरल्या होत्या. मिसळ महिन्यातून एकदा खातात, त्या दिवशी गोळी नाही.