आधी आईंना विचारा

नमस्कार दादा,

१९८२च्या संपानंतर तुमचे वडील पुन्हा गिरणीत लागले नाहीत. आईंनी हिंदू कॉलनीत धुणीभांडी धरली. त्याच पैशांवर तुम्ही कॉलेजात गेलात आणि एकदा दादर स्टेशनबाहेर त्या समोर आल्या, तेव्हा मित्रांना म्हणालात, ‘आमच्या शेजारच्या मावशी.’ आईंनी ते ऐकलं. परवा टीव्हीवर ‘मोलकरीण’ लागला, तो दोघांनी शेजारी बसून, न बोलता पाहिला. आता विचारताय, माफी मागू, की ऐंशीच्या वयात जुनं उकरून काढू नको?

मागा. त्या विसरल्या असतील ही आशा सोडा. १९६३चा हा सिनेमा. आपल्याच मुलाच्या घरी भांडी घासणारी आई, तीही सुलोचनादीदींच्या चेहऱ्याची! बघताना आईंना काय आठवलं असेल, ते तुम्हाला कळलं म्हणून तर झोप उडाली.

पण पाय धरून रडू नका. तुमचे डोळे पुसायचं कामही त्यांच्याच अंगावर पडेल, ‘जाऊ दे रे’ म्हणून त्या चहा टाकायला उठतील आणि विषय तिथेच मिटेल. सरळ सांगा, ‘त्या दिवशी मी तुला शेजारीण म्हणालो. मला तुझी लाज वाटली होती.’ मग गप्प राहा. त्या रागावल्या तर रागावू द्या. इतक्या वर्षांत त्यांना रागवायलाही मिळालेलं नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खुपलं ते वेगळंच. आई काय काम करायच्या, हे बायकोमुलांना अजून माहीत नाही! स्टेशनबाहेर तुम्ही अठरा वर्षांचे होतात, त्या वयाला मी माफ करीन. पन्नाशी उलटल्यावरही लपवताय, ते नाही. चारचौघांत नाकारलेली आई बंद खोलीतल्या माफीनं परत मिळत नाही.

मुलांना सांगायचं का, हे आधी आईंना विचारा. आयुष्य त्यांचं आहे. हो म्हणाल्या तर त्यांच्यासमोरच सांगा. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते, लालबाग-परळच्या कितीतरी खोल्यांत बायकांनीच चूल पेटती ठेवली, हेही सांगा. आता तिथले टॉवर बघणाऱ्या पोरांना ते कुठून कळणार? त्या मित्रांपैकी कोणी संपर्कात असेल तर घरी जेवायला बोलवा आणि ओळख करून द्या. नको म्हणाल्या, तर तुमची माफी तेवढी मागा आणि पुन्हा आग्रह धरू नका.

दिवाळीची वाट बघू नका. या रविवारीच बोला.

तुमची ताई